तापमान तेच, मग हृदयविकाराचे मृत्यू एकाच भागात का वाढतात?

आकडेवेडा: एका शहराच्या वॉर्डनिहाय मृत्यूनोंदी रोजच्या कमाल तापमानाशी ताडून पाहतोय. उष्णतेच्या लाटेत दाट वस्तीत हृदयविकाराचे मृत्यू वाढतात, शेजारच्या वॉर्डात नाही. थंडीचा तर परिणामच दिसत नाही. पद्धत चुकतेय का?

साथरोगवाला: थंडीबाबत बहुधा हो. उन्हाचा फटका त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत बसतो, थंडीचा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. लॅग, म्हणजे त्या दिवसानंतर किती दिवसांपर्यंतचे मृत्यू मोजायचे तो काळ, 21 दिवसांचा धरा. 3 दिवसांवर थांबलात तर थंडी निर्दोष सुटते. 27 देशांतल्या 567 शहरांचा 2022चा अभ्यास बघा: हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झालेल्या दर 1000 मृत्यूंमागे अतिउष्ण दिवसांचे सुमारे 2, अतिथंड दिवसांचे 9. सर्वाधिक भार हार्ट फेल्युअरवर (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडणं), त्यामुळे नोंदींतून नुसता हार्ट अटॅकचा कोड काढून भागणार नाही. उष्माघात लिहिलेले दाखले मोजत बसण्यातही अर्थ नाही, कारण उन्हाने गेलेल्या कित्येकांच्या दाखल्यावर हृदयविकारच असतो. नेहमीपेक्षा जास्तीचे मृत्यू मोजा, वयाचा फरक काढून.

आकडेवेडा: आणि वस्तीचा फरक?

साथरोगवाला: तो खराच असणार. तुमचं तापमान वेधशाळेतलं, माणूस पत्र्याखाली. कमाल सोडून रात्रीचं किमान घेऊन बघा. रात्रीही खोली निवत नसेल तर हृदयाला उसंत मिळत नाही: त्वचेकडे रक्त वळवायला ते जोरात चालतं, घामाने पाणी घटून रक्त दाटतं. शिकागोत 1995च्या लाटेत 700हून अधिक जादा मृत्यू झाले. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचे यांना धोका जास्त होता.

हृदयतज्ज्ञ: औषधांचा रकाना मिळाला तर जोडा. फ्युरोसेमाइडसारख्या लघवीच्या गोळ्यांनी आधीच पाणी कमी होतं, बीटा ब्लॉकर या हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे नाडी हवी तेवढी वाढत नाही. पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. उन्हाळ्याआधी डोस डॉक्टरांशी ठरवून घ्यायचा. पेशंटने रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी वजन लिहावं. दोन-तीन दिवसांत 2 किलो घटलं, उठताना भोवळ आली, तर शरीर कोरडं पडतंय. तेवढंच वाढलं तर पाणी साठतंय. दोन्ही वेळा फोन करायचा. ‘भरपूर पाणी प्या’ हा सरसकट सल्ला पाण्यावर मर्यादा असलेल्यांना देऊ नये. खोली 40 अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्यावरही विसंबू नये, तो गरम हवाच अंगावर मारतो.