केगेल करूनही खोकताना लघवी जाते, मदत हवी आहे

शेवंती:
दोन महिने झाले, रोज शंभर केगेल, म्हणजे लघवी रोखणारे स्नायू आवळायचा व्यायाम. काडीचाही फरक नाही. खोकलं, शिंकलं की थेंब जातातच. नुसतं "डॉक्टरकडे जा" नको, उपाय सांगा.

रानजाई:
वय? बाळंतपणं किती, नॉर्मल की सिझेरियन? घाई लागूनही जाते की फक्त खोकताना? आणि शंभर एका दमात? आकड्यावर जाऊ नका. एका वेळी आठ, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पाठीवर झोपून गुडघे दुमडा. वात अडवताना आवळतो तसं मागून आवळायचं आणि पुढे-वर ओढायचं. हात पोटावर ठेवा. पोट फुगलं, श्वास कोंडला, तर आवळणं होतच नाहीये, जोर खाली जातोय. जेवढा वेळ धरलं, तेवढा वेळ सैलही सोडा.

निवांत_नाना:
अश्विनी मुद्रा करा, गुदद्वार आवळायची योगक्रिया. सगळं त्यात आलं.

रानजाई:
नाना, सरसकट नको. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, संबंधाच्या वेळी दुखतं, शौचाला कुंथावं लागतं, अशांचे स्नायू आधीच ताठरलेले असू शकतात. आणखी आवळलं की दुखणं वाढतं. तिथे आधी सैल सोडायला शिकायचं.

निवांत_नाना:
अश्विनीत सोडणंही असतं. अर्धवट माहितीवर नावं ठेवू नका.

कोकणकडा:
पुरुषांसाठी सांगतो. लघवीनंतर चड्डीत थेंब पडतात, ते झटकून जात नाहीत. वृषणांच्या मागे दोन-तीन बोटांनी हलकं दाबत पुढे आणा. नळीच्या वळणात अडकलेली लघवी तिथेच निघून जाते.

शेवंती:
पुरुषांचं कुठे विचारलंय? वय ४६, दोन्ही नॉर्मल, घाई नाही. बीपीची गोळी, रामिप्रिल, सुरू झाल्यापासून कोरडा खोकला आहे. सराव लघवी मध्येच थांबवून करते.

रानजाई:
अहो, हे आधी सांगायचं! लघवी थांबवून सराव आजपासून बंद, मूत्राशय नीट रिकामं होत नाही त्याने. आणि रामिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. दिवसभर खोकत राहिलात तर प्रत्येक उबळीचा दाब खालीच येणार. गोळी मनाने सोडू नका, डॉक्टरांना खोकल्याचं सांगा, वेगळ्या गटातली देता येते.

शेवंती:
उद्याच विचारते. तोवर?

रानजाई:
घसा खवखवला की खोकण्याआधीच आवळा, उबळ संपेपर्यंत धरा. उभ्या असाल तर पाय एकमेकांवर आडवे घ्या.