गूळ आणि दाणीसाठी स्थळ बघणे आहे

ग्रुप: साताऱ्याची मंडळी

मधुरा (एडिसन, न्यू जर्सी): नमस्कार सगळ्यांना. समीरची सान होजेची बदली पक्की झाली, 1 ऑगस्टला रुजू व्हायचंय. आनंदाची बातमी द्यायला बसले आणि गूळ-दाणीपाशी, आमच्या दोन फेरेटपाशी, अडले. कॅलिफोर्नियात फेरेट पाळायला बंदी आहे. कुत्रा चालतो, मांजर चालतं, फेरेट नाही. दोघांना नवीन घर शोधावं लागणार. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडे कुणाच्या ओळखीचं कुणी असेल तर कळवा. दोघं एकत्रच द्यायची आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

बापूकाका: समीर, हार्दिक अभिनंदन 💐 फेरेट म्हणजे ती मुंगसंच ना?

निखिल (मेलबर्न): नाही हो काका. मुंगसाशी फक्त तोंडावळा जुळतो. हे पाणमांजराच्या कुळातलं. सशांच्या बिळात सोडण्यासाठी युरोपात माणसाळवलेलं, फार जुन्या काळापासून.

ऋचा: आजीचा व्हॉइस मेसेज टाइप करतेय: "मुंगूस म्हणा नाहीतर पाणमांजर म्हणा, माझी जपमाळ त्यांनीच नेली. मागच्या हिवाळ्यात आले होते तेव्हा. मधुरा, अगं सोफ्याखाली बघितलंस का नीट?"

मधुरा: आई, तीनदा बघितलं.

वैशालीमावशी (नागपूर): इतका जीव आहे तर इकडेच पाठवा की दोघांना. माझं घर मोठं आहे.

मधुरा: मावशी, तुम्ही म्हणालात यातच सगळं आलं. पण भारतात सोबत आणायची मुभा कुत्रा आणि मांजर यांनाच. आणि आणता आले असते तरी त्यांना उकाडा सोसत नाही. तापमान तिशीच्या वर गेलं की धापा टाकतात, अंग पसरून पडून राहतात. नागपूरचा मे महिना म्हणजे त्यांना भट्टीच.

वैशालीमावशी: आम्हालाही भट्टीच आहे बाई.

प्राचीताई (सान होजे): मधुरा, उगाच घाबरू नकोस. इथे पुष्कळ लोक ठेवतात गुपचूप. दुकानात फेरेटचं खाणं, पिंजरे, झोके सगळं राजरोस मिळतं. कोण येतंय घर तपासायला?

इरा: बघ आई!!! आत्या पण हेच म्हणतेय

मधुरा: ताई, तुम्ही चांगल्या मनाने सुचवलंत, पण इराच्या डोक्यात हे बसू नये म्हणून इथेच लिहिते. भाड्याच्या घरात राहणार. करारात लिहायचं काय? नळ दुरुस्त करायला माणूस आला की दोघांना कपाटात कोंडायचं? शेजाऱ्याने तक्रार केली तर जप्त होतील आणि मग आपल्या हातात काहीच राहणार नाही. दाणी खेळता खेळता एखाद्या मुलाला चावली तर? इथे तिची रेबीजची लस झालेली आहे, कागद आहेत. तिथे कागद दाखवायला जायचं म्हणजे आपणच चोर आहोत हे सांगायला जायचं. पाच वर्षं परवाना काढून पाळलेत, आता म्हातारपणी गूळला लपवून ठेवणार नाही.

इरा: ☹️

निखिल: वहिनी, बंदी का आहे तेही सांगतो, इराला राग येणार पण ऐक. पाळलेली फेरेट सुटून रानात वाढली तर तिथल्या पक्ष्यांना खातील ही भीती. आमच्या शेजारी न्यूझीलंडमध्ये 1880च्या दशकात सशांचा बंदोबस्त करायला आणले होते. त्यांनी सशांसोबत किवीही फस्त केले. 2002पासून तिथे विक्री, पैदास सगळं बंद. आमच्याकडे व्हिक्टोरियात चालतं, वर क्वीन्सलंडमध्ये नाही.

समीर: आणि गंमत म्हणजे कॅलिफोर्नियात 2004 साली पाळीव फेरेटना मोकळीक देणारं विधेयक मंजूर होऊन राज्यपालांकडे गेलं होतं. राज्यपाल कोण, तर श्वार्झनेगर. त्यांनी एका सिनेमात फेरेट पाळणाऱ्या पोलिसाचं काम केलंय. सहीच केली नाही, परत पाठवलं!

बापूकाका: नट तो नटच.

*(तीन दिवसांनी)*

मधुरा: ताजी खबर. आतापर्यंत पाच जणांचे फोन आले.

पहिला मुलगा कॉलेजच्या वसतिगृहात राहतो. नाही.

दुसऱ्या बाई मॅनहॅटनमध्ये. चांगल्या वाटल्या, पण न्यूयॉर्क शहरात 1999पासून बंदी आहे हे त्यांना मीच सांगितलं. 2015मध्ये उठणार उठणार म्हणत होते, उठली नाही. बंदी आहे म्हणून इथून काढायचे आणि नदीपलीकडच्या बंदीत ढकलायचे, हे काही मला पटेना.

तिसऱ्यांकडे चार ससे. विषय संपला.

चौथ्या कुटुंबाला फक्त दाणी हवी. "तो म्हातारा आहे, आजारी आहे, त्याला आश्रमात द्या," असं म्हणाले. आश्रमात म्हणजे इथल्या फेरेट सोडवणाऱ्या संस्थेत. संस्था वाईट नाही, वेळ आलीच तर दोघांना तिथेच नेईन. पण तीन वर्षं एका झोळीत झोपलेली दोघं आहेत. सोबती गेला की खाणं सोडतात ही जात.

पाचवा जाहिरात बघून म्हणाला, "पैसे कशाला मागता, फुकट द्या." मी मुद्दामच 150 डॉलर लिहिलेत. फुकट दिलं की साप पाळणारेही येतात, म्हणे खाऊ घालायला.

ऋचा: आजी: "अगं बाई! फुकट मुळीच नको."

बापूकाका: हे तर लग्नाच्या स्थळापेक्षा अवघड दिसतंय. मधुरा, एक सुचवू का? आजाराचं पहिल्याच फोनवर कशाला सांगतेस? आधी बघू दे, जीव लागू दे, मग सांग. आमच्या काळी असंच असायचं.

प्राचीताई: आणि त्यातून काय काय निघालं तेही माहीत आहे, काका.

बापूकाका: 🙏

मधुरा: काका, लपवलं तर तिसऱ्या दिवशी उघडं पडेल. गूळच्या स्वादुपिंडात गाठी आहेत, त्या नको तितकं इन्सुलिन सोडतात. म्हणजे तुमच्या बरोब्बर उलट. तुमची साखर चढते, त्याची उतरते. अमेरिकेतल्या फेरेटमध्ये हा रोग फार. मार्चमध्ये साखर 58 निघाली होती. सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे आणि दर चार तासांनी पोटात काहीतरी मांसाचं जायलाच हवं, कारण त्यांचं पोट तितक्यात रिकामं होतं. एक जेवण चुकलं की एका जागी बघत बसतो, लाळ गळते, मागचे पाय ओढतो. अशा वेळी हिरडीला बोटाने मध चोळायचा आणि मग लगेच खायला घालायचं. हे ज्याला माहीत नाही तो म्हणेल झोपलाय. तशीही ही जात दिवसातले चौदा ते अठरा तास झोपतेच, कळणार कसं?

बापूकाका: बरोबर आहे तुझं. शब्द मागे घेतो. मला मध बंद आणि त्याला मध, काय एकेकाचं नशीब.

मधुरा: म्हणून मी एक वही लिहायला घेतलीय. पत्रिका म्हणा हवं तर. पण त्यात गुण कमी आणि खोडीच जास्त. वास येतो, कितीही धुवा, आणि जास्त आंघोळ घातली तर जास्त येतो. कोपरा दिसला की घाण करतात, ट्रे कोपऱ्यातच हवा. रबर दिसलं की खातात: चपलेचा तळ, रिमोटची बटणं, इयरफोनच्या टोप्या. आतड्यात अडकलं तर ऑपरेशन. मनुके, बिस्किटं, फळं काही नाही, नुसतं मांस आणि त्यांचं खाणं. आपल्याला फ्लू झाला तर त्यांनाही होतो, तेव्हा शिंकत असाल तर लांब राहा. दाणीला उचलताना मानेला धरू नका, पोटाखाली हात द्या, नाहीतर रागावते. गूळ आनंदात असला की पाठीची कमान करून आडवा-तिडवा उड्या मारतो, भिंतीवर आपटतो आणि "डुक डुक डुक" आवाज काढतो. अनोळखी माणसाला वाटतं याला झटका आला. त्याला तसं नाचू द्या.

इरा: आई तू हे लिहिलं नाहीस: गूळ ला माझा निळा मोजा आवडतो. फक्त निळा

मधुरा: लिहिते बाळा. तूच लिही ते पान.

*(पुढच्या रविवारी)*

समीर: सोफा विकायला काढला. उलटा केला, खालचं कापड फाडलं. फोटो टाकतोय.

ऋचा: आजी फोटो मोठा करून बघतेय, थांबा.

ऋचा: आजी: "माझी माळ!!!!"

समीर: माळ, इराचे सात मोजे (सगळे निळे नाहीत), गाडीची किल्ली जिच्यासाठी मी दुसरी करून घेतली, एक चमचा, बटाटा. बटाटा कधीचा आहे विचारू नका.

वैशालीमावशी: हसून हसून पुरे. किल्लीचे पैसे आता नवीन माणसांकडून वसूल करा.

मधुरा: आई, माळ धुऊन पाठवते. प्राचीताई दिवाळीला येणार आहेत ना, त्यांच्याबरोबर.

ऋचा: आजी म्हणते, "राहू दे, गूळ-दाणीबरोबरच पाठव. सवयीची वस्तू आहे, करमेल त्यांना."

मधुरा: नको आई. मणी गिळले तर आतड्यात अडकतील. पण तुमची झोळी मात्र नक्की जाणार त्यांच्याबरोबर. तुम्ही जुन्या सुती नऊवारीची गोधडी करून शिवलीत ना, तीच. विकतच्या झोळ्या दोन आहेत, एकीतही बसत नाहीत. आणि धुवायची नाही असं ठरवलंय, आपल्या घराचा वास राहू दे.

ऋचा: आजी काही बोलत नाहीये. चष्मा पुसतेय.

मधुरा: आता खरी बातमी. सहावं स्थळ आलंय, अ‍ॅलनटाउनजवळचं. इथून तास-सव्वा तास. नवरा-बायको दोघं निवृत्त, तो शाळेची बस चालवायचा. त्यांची तीन फेरेट होती, आता एकच उरलीय आणि ती एकटी पडलीय. मी गूळचा आजार सांगायला लागले तर ती बाई म्हणाली, आमच्या आधीच्या दोघांना हाच होता, गोळी कशात घालून देता? मी दहा मिनिटं फोनवर बोलूच शकले नाही.

प्राचीताई: 🙂 मग झालं की.

मधुरा: झालं नाही, ताई. आधी त्यांच्या फेरेटची आणि आपल्या दोघांची रक्ततपासणी. अ‍ॅल्यूशियन नावाचा विषाणू असतो, दिसायला ठणठणीत पण दुसऱ्याला देऊन जातो. ती अट मी घालणार त्याआधी त्यांनीच घातली. मग आम्ही घर बघायला गेलो. खिडक्यांना जाळ्या, वॉशिंग मशीनमागची फट बंद केलेली, स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या तळाला पट्ट्या ठोकलेल्या. इराने जमिनीवर आडवं पडून एकेक भोक तपासलं. त्या आजोबांनी तिच्यासोबत टॉर्च धरला.

इरा: एक भोक सापडलं. फ्रिजच्या मागे. त्यांनी लगेच बंद केलं

बापूकाका: शाब्बास! वरपक्षाची अशी चौकशी आमच्या घराण्यात कुणी केली नाही.

*(20 जुलै)*

समीर: सोडून आलो. पहिले काही आठवडे तिघांचे पिंजरे शेजारी शेजारी, मग अदलाबदल करून झोळ्या द्यायच्या, मग एकत्र. गाडीत येताना कुणी बोललं नाही. एडिसनला पोचल्यावर इराने रिकामा पिंजरा स्वतः धुतला.

वैशालीमावशी: इरा, माझ्याकडे दोन मांजरी आहेत, व्हिडिओ कॉल कर कधीही.

इरा: ok मावशीआजी

निखिल: वहिनी, बरं केलंत.

*(22 जुलै)*

मधुरा: फोटो आला! दोघं झोळीत. गूळने सकाळची गोळी सॅमन तेलात घेतली, दाणीने पहिल्या रात्रीच आजोबांचा चष्म्याचा डबा पळवला.

बापूकाका: संस्कार आपलेच.

ऋचा: आजी फोटो मोठा करतेय. थांबा, बोलतेय: "मधुरा, त्यांना कळव, झोळीचा डावीकडचा कोपरा बघा म्हणावं. टाका उसवलाय. त्यात नख अडकेल दाणीचं. दुहेरी दोऱ्याने घाला, आणि गाठ आतल्या बाजूला."