सांडपाण्याची लाइन : खोदायचे किती, अस्तर कुठे?

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. ए विंगच्या मागील चेंबरपासून गेटजवळच्या शेवटच्या चेंबरपर्यंत कॅमेरा फिरवून केलेले चित्रीकरण मिळाले आहे. जुन्या स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या) पाइपांचे सांधे अनेक ठिकाणी उघडले असून पिंपळाची मुळे आत शिरली आहेत. ठेकेदाराने संपूर्ण लाइनला आतून अस्तर करण्याचे सुचवले आहे. आपले मत कळवावे.

ए विंग, तळमजला : पार्किंगच्या फरशा न उखडता काम होणार असेल, तर आमची संमती आहे.

सी विंग, निवृत्त अभियंता : अस्तराची पद्धत 1971 पासून, म्हणजे लंडनमधील पहिल्या प्रयोगापासून वापरात आहे आणि विश्वासार्ह आहे. रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या द्रव रसायनात, भिजवलेली फेल्टची (नमद्यासारख्या जाड कापडाची) लांब नळी चेंबरमधून पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने उलटवत आत सरकवतात आणि गरम पाण्याने वा वाफेने जागीच कडक करतात. जुन्या पाइपाच्या आत बिनसांध्याचा नवा पाइप तयार होत असल्याने मुळांना शिरायला फट उरत नाही. मात्र हे अस्तर जुन्या पाइपाचाच उतार घेते, आणि आपली खरी अडचण तिथेच आहे. चित्रीकरणात बी विंगच्या जिन्यासमोर कॅमेरा पाण्यात बुडतो, याचा अर्थ तेवढा भाग खचून त्याला पोट आले आहे. वाशीत खाडीकाठच्या भरावाच्या जमिनीवर असे खचणे नवलाचे नाही. त्या भागाला कितीही उत्तम अस्तर केले, तरी मैला तिथे साचतच राहील.

बी विंग, दुसरा मजला : काका, जुना पाइप फोडून त्याच जागी नवा ओढून घेतात, त्याने उतार सुधारणार नाही का?

सी विंग, निवृत्त अभियंता : नाही, कारण फोडणारे डोके जुन्याच मार्गाने जाते. पाइप पार ढासळला असेल किंवा व्यास वाढवायचा असेल, तेव्हा ती पद्धत योग्य ठरते. परंतु दोन्ही टोकांना आणि प्रत्येक जोडणीपाशी, म्हणजे घरांकडून येणारा पाइप या लाइनला मिळतो तिथे, खड्डे घ्यावे लागतात, शिवाय फुटलेले तुकडे बाजूच्या मातीत दाबले जात असल्याने शेजारून जाणाऱ्या गॅस व पाण्याच्या लाइनला धक्का पोहोचू शकतो. माझ्या मते जिन्यासमोरचा खचलेला तुकडा खोदून योग्य उतारात नव्याने टाकावा आणि उरलेल्या लाइनला अस्तर करावे.

ए विंग, तळमजला : रेझिनचा वास घरात येतो, असे ऐकले आहे.

सी विंग, निवृत्त अभियंता : पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनचा वास उग्र असतो. बाथरूममधील सर्व ट्रॅप (पाणी साठवून वास अडवणारी वळणे) पाण्याने भरलेले ठेवल्यास तो आत येत नाही. कोरडी पडलेली नहाणी ट्रॅपच बहुधा घात करते. अस्तराने जोडण्यांची तोंडे झाकली जातात, त्यामुळे रेझिन कडक होऊन प्रत्येक जोडणीचे तोंड आतून कटरने पुन्हा उघडले जाईपर्यंत शौचालय वापरता येणार नाही.

सचिव : दोन्ही कामांचे स्वतंत्र दर मागवतो. काम संपल्यावर पुन्हा चित्रीकरण करून जोडण्या उघडल्याची खात्री झाल्याशिवाय अंतिम देयक दिले जाणार नाही आणि चेंबरमध्ये माणूस उतरवला जाणार नाही, या अटी करारात लिहून घेतो.