टाय-इन कादंबरीला 'खोडवा' म्हटलं तर चालेल का?

रंकाळ्याकाठी:
मंडळी, एका शब्दावर अडलोय. आमच्या वाचनकट्ट्यासाठी टिपण लिहितोय, विषय माझ्या लई जिव्हाळ्याचा, बंद केलेल्या टीव्ही सिरियलींची गोष्ट पुढं नेणाऱ्या कादंबऱ्या, इंग्रजीत सिरियलीवर बेतलेल्या अशा पुस्तकांना टाय-इन म्हणतात. 'स्टार ट्रेक: एंटरप्राइझ' ही अंतराळयानावरची सिरियल २००५ मध्ये चार सीझन, ९८ भाग झाल्यावर बंद केली, आणि शेवटच्या भागात यानाचा इंजिनिअर ट्रिप टकर याला असं घाईघाईनं मारलं की मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग २००७ च्या कादंबरीत कळलं, तो मेलाच नव्हता, मरणाचं सोंग करून रोम्युलन नावाच्या परग्रहावरच्या शत्रूंत हेर म्हणून गेला होता. ते पान मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं.

तर टिपणात मी 'मालिकोत्तर कादंबरी' लिहिलं. घरी वाचून दाखवलं तर वडील म्हणाले, ऊस तोडल्यावर बुडख्यातनं परत फुटतो त्याला आपण काय म्हणतो? खोडवा. मग खोडवाच लिही की. मला एकदम पटलं, पण कट्ट्यावरच्या ताई म्हणाल्या, खोडवा म्हणजे दुय्यम पीक, त्या पुस्तकांचा अपमान होतो. तुमच्याकडं काय वापरतात?

शाहूपुरीकर:
भावा, सरळ टाय-इन कादंबरी लिही. टेबल, रिक्षा, सिरियल पचवली तिथं हे काय जड आहे. आणि एक लक्षात घे, सिरियल चालू असतानाही टाय-इन निघतात, टीव्हीवरचीच गोष्ट पुस्तकात उतरवलेली असते तीही टाय-इनच. खोडवा तोड झाल्याशिवाय येत नाही. म्हंजे तुझा शब्द सगळ्यांना लागू पडत नाही.

मराठीच्या_बाई:
टाय-इन नको हो, मराठीत शब्द असताना उसना कशाला घ्यायचा? 'कादंबरी' हा शब्दच बघा कुठून आलाय. बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या हातून अर्धीच राहिली, तो गेला, मग मुलानं ती पूर्ण केली. बापाचा तो पूर्वभाग, मुलाचा तो उत्तरभाग. म्हणजे आपण जिच्या नावावरनं या सगळ्या प्रकाराला कादंबरी म्हणतो तीच दुसऱ्याच्या हातानं पुरी झालीय! म्हणून 'उत्तरभाग' म्हणा. वर्गात हे सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

उत्तरेश्वर_पेठ:
बाई, किस्सा भारी आहे, पण हल्लीच्या पोरांना उत्तर म्हंजे प्रश्नाचं उत्तर नाहीतर दिशा, 'उत्तरभाग' म्हटलं की नकाशा काढतील. मला खोडवाच आवडला, कारण तो 'खोडणे' वरनंच आलाय. पाटीवरचं खोडतो तशी चॅनेलनं सिरियल खोडली, आणि खोडलेल्यातनं उगवला तो खोडवा. चपखल.

ऊसवाला_शिरोळ:
नाही दादा, खोडवा खोडावरनं, खोडण्याचा काय संबंध. तोड झाली की पाचट, म्हंजे उसाचा वाळला पाला, सरीत दाबायचं, बुडखे कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे, मग मातीतल्या डोळ्यांतनं फुटवे निघतात. मुळं जुनीच, बेणं, म्हंजे लावायच्या उसाच्या कांड्या, परत लावावं लागत नाही. आणि त्या ताईंना सांगा, खोडवा जातीनं दुय्यम नसतो. लागणीला, म्हंजे नव्यानं लावलेल्या उसाला, खत, पाणी, भांगलण सगळं वेळेवर आणि खोडव्याला उरलंसुरलं, मग उतारा पडला की खोडव्यालाच नाव ठेवायचं.

रंकाळ्याकाठी:
काका, हेच! जुनी मुळं, हेच मला म्हणायचं होतं. नवीन लेखक असतो, पण 'एंटरप्राइझ'चा कॅप्टन आर्चर बोलायला लागला की तोच आवाज कानात येतो. दुसरं उदाहरण 'डॉक्टर हू' या ब्रिटिश सिरियलीचं. १९८९ ला टीव्हीवर थांबलं, १९९१ पासनं नव्या गोष्टींच्या कादंबऱ्या सुरू झाल्या, त्या वाचणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी ते जिवंत ठेवलं, आणि २००५ ला सिरियल परत आली. पॉल कॉर्नेलनं १९९५ मध्ये लिहिलेली त्यातली एक कादंबरी २००७ ला त्यानंच टीव्हीसाठी दोन भागांत लिहिली.

ऊसवाला_शिरोळ:
मग इथं तुमचा शब्द अडला. खोडव्याचं बेणं लागणीला धरत नाहीत, रोग पुढं जातो, लागणीला बेणेमळ्यातलंच बेणं पाहिजे. तुम्ही तर सांगताय खोडव्यातनं नवी लागण झाली.

मराठीच्या_बाई:
म्हणूनच म्हणते, उत्तरभाग.

उत्तरेश्वर_पेठ:
मग दुसऱ्यांदा बंद पडून परत कादंबऱ्या आल्या तर निडवा म्हणायचं का?

शाहूपुरीकर:
निडवा शब्द मी आत्ता पहिल्यांदा ऐकला, कोल्हापुरात जन्मलोय तरी.

ऊसवाला_शिरोळ:
खोडवा तुटल्यावर परत ठेवला की निडवा. तीन-तीन पिकं काढणारी माणसं आहेत आमच्याकडं, पण पाचट जाळत असला तर ठेवूच नका, फुटव्याला मार बसतो.

उत्तरेश्वर_पेठ:
आमचे मामा जाळतात, त्यांचा खोडवा तर चांगला येतो की.

ऊसवाला_शिरोळ:
मामांना सांगा, एक वर्ष अर्ध्या रानात पाचट दाबून बघा, मग बोलू.

रंकाळ्याकाठी:
मंडळी, टिपण परवा द्यायचंय, पाचटाचं नंतर बघू. खोडवा ठेवू का उत्तरभाग?

शाहूपुरीकर:
ते ठरेल रे, पण तो ट्रिप जिवंत निघतो ते पुस्तक तुझ्याकडं आहे का? रविवारी रंकाळ्यावर येतो, देशील वाचायला?