‘एज विड्थ’ म्हणजे काठाची रुंदी? न्यूरल नेटवर्कच्या आकृतीतल्या रेघांसाठी शब्द

कोथरूडकर:
अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठी प्रात्यक्षिक-पुस्तिकेचं काम चालू आहे. एका प्रात्यक्षिकात न्यूरल नेटवर्कची आकृती (थरांत मांडलेली वर्तुळं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा) एनएन-एसव्हीजी या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनात काढायची आहे. त्यातल्या पर्यायांना तूर्त असे शब्द योजले आहेत: एज विड्थ – काठाची रुंदी, एज ओपॅसिटी – काठाची पारदर्शकता, प्रपोर्शनल टू एज वेट्स – काठाच्या वजनाच्या प्रमाणात, निगेटिव्ह एज कलर – नकारात्मक काठाचा रंग, बेझिए कर्व्ह्ज – वक्र. वाचताना काहीतरी खटकतंय. पुस्तिका काळ्या-पांढऱ्यात छापायची आहे, आणि अप्पा बळवंत चौकातून तिच्या झेरॉक्स निघतील हेही धरूनच चालायला हवं. कुठले शब्द ठेवावेत, कुठले बदलावेत?

नारायणपेठी:
‘काठ’ आधी काढा. काठ साडीला असतो, नदीला असतो, ताटाला असतो. म्हणजे वस्तू जिथे संपते ती जागा. तुमच्या आकृतीतली रेघ कशाचा शेवट नाही, ती दोन वर्तुळांच्या मधली आहे. ‘काठाची रुंदी’ वाचून कोणालाही आधी लुगड्याचा काठ आठवेल.

‘कड’ शाळेच्या भूमितीत घनाची कड म्हणून रुळलेला आहे. आलेखांच्या गणितात एजला कड म्हणणारेही आहेत, आणि तिथे तो चालतो. पण चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अडचण उभी राहते. प्रत्येक वर्तुळाला स्वतःची बाह्यरेघ असते आणि तिचा रंग नि जाडी वेगळी ठरवता येते. तिला मराठीत ‘वर्तुळाची कड’च म्हणणार. मग ‘कडेची जाडी वाढवा’ या सूचनेवर विद्यार्थी काय जाड करेल? वर्तुळं जाड करेल आणि रेघा तशाच राहतील.

मी ‘जोडरेघ’ सुचवेन. ‘रेषा’ नको, कारण भूमितीत रेषेला दोन्हीकडे अंत नसतो. आखलेली, टोकं असलेली ती रेघ.

शब्दशोधक:
जोडरेघ म्हणजे दोन जुळ्या रेघा असं नाही का वाटणार? जोडाक्षरात अक्षरं जोडलेली असतात, अक्षर काही जोडत नाही. ‘दुवा’ का नको?

नारायणपेठी:
शंका रास्त आहे. पण ‘जोडरस्ता’ घ्या. लिंक रोडला बातम्यांत हाच शब्द असतो, आणि तो वाचून पुण्यात कोणी दोन समांतर रस्ते डोळ्यांपुढे आणत नाही. दोन भाग जोडणारा रस्ता, तशी दोन वर्तुळं जोडणारी रेघ. ‘दुवा’ संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी पक्का झाला आहे. शिवाय दुवा हे नातं आहे. त्याला जाडी, रंग, टोक असं काही नसतं, आणि इथे सगळा खटाटोप त्याचाच आहे. नेटवर्कमधल्या संबंधाबद्दल लिहिताना ‘जोडणी’ म्हणा, तो कागदावर कसा दिसतो ते सांगताना ‘जोडरेघ’.

आणि रेघेला रुंदी नको, जाडी हवी. रुंदी रस्त्याला, कागदाला, साडीला.

रेखाटणी:
जोडरेघ पटला. ओपॅसिटीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे अर्थच उलटा झाला आहे.

ओपॅसिटी ०.३ म्हणजे तीस टक्के अपारदर्शक, म्हणजेच सत्तर टक्के पारदर्शक. एनएन-एसव्हीजी आणि इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर ओपॅसिटी मोजतात. लिब्रेऑफिस ड्रॉ आणि पॉवरपॉइंट रेघेसाठी ट्रान्सपरन्सी मोजतात. ‘काठाची पारदर्शकता ०.३’ असं छापलंत, तर ड्रॉमध्ये काढणारा विद्यार्थी ३० टक्के भरेल आणि त्याची रेघ पुस्तकातल्यापेक्षा दुपटीहून गडद येईल. ‘अपारदर्शकता’ लांबलचक आहे हे मान्य, पण विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातले पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक हे तिन्ही शब्द मुलांच्या ओळखीचे आहेत. तोच ठेवा.

‘फिकटपणा’ कोणी सुचवेल, म्हणून आधीच सांगते. फिकट रेघ आणि पारदर्शक रेघ कोऱ्या कागदावर सारख्याच दिसतात. फरक कळतो तो रेघा एकमेकींना छेदतात तिथे. फिकट करड्या रंगाची रेघ खालची रेघ झाकून टाकते. पारदर्शक रेघेतून खालची दिसते आणि छेदाची जागा गडद होते. अपारदर्शकता ०.२ असलेल्या पाच रेघा एका ठिकाणी आल्या की तिथे १ वजा ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.६७ इतका गडदपणा येतो. दहा आल्या तर ०.८९. १६, १२, १०, १ अशा थरांच्या नेटवर्कमध्ये १९२ अधिक १२० अधिक १० म्हणजे ३२२ जोडरेघा होतात. पहिल्या दोन थरांच्या मधोमध जो काळपट पट्टा दिसतो, तो भारामुळे (जोडणीच्या वेटमुळे) नव्हे, या बेरजेमुळे. पुस्तिकेत हे एका वाक्यात सांगायलाच हवं, नाहीतर मुलं त्या पट्ट्याला काहीतरी अर्थ चिकटवतील.

पट्टा नको असेल तर सगळ्या जोडरेघांचा एक गट करून अपारदर्शकता गटाला द्यावी, एकेका रेघेला नाही. एसव्हीजी या चित्राच्या फाइल-स्वरूपात गटाची ओपॅसिटी आधी पूर्ण गट रंगवून मग एकदाच लागू होते, त्यामुळे छेद गडद होत नाहीत. स्ट्रोक-ओपॅसिटी (फक्त रेघेची ओपॅसिटी) गटावर लिहिली तरी ती प्रत्येक रेघेकडे वारशाने जाते आणि पट्टा परत येतो. नावं जवळजवळ सारखी असल्यामुळे हमखास चूक होते ती इथेच.

जाळेविणकर:
‘काठाच्या वजनाच्या प्रमाणात’बद्दल. वेट म्हणजे प्रत्येक जोडणीला असलेला आकडा. त्याला वजन म्हणायचं की भार, यात मी भारच्या बाजूने आहे. ‘भारित सरासरी’ आधीपासून आहे, आणि नेटवर्कमध्येही आकड्यांची भारित बेरीजच होते. विजेच्या चार्जला ‘प्रभार’ आहे, तेव्हा तिथेही घोळ नाही.

‘च्या प्रमाणात’ हा शब्दप्रयोग मात्र जपून वापरा. प्रमाणात म्हटलं की भार दुप्पट झाला तर जाडीही दुप्पट व्हायला हवी. एनएन-एसव्हीजीमध्ये ते खरं आहे: भाराचं केवलमूल्य (चिन्ह सोडून उरलेला आकडा) ० ते १, जाडी ० पासून तुम्ही ठरवलेल्या जाडीपर्यंत. म्हणून शून्याजवळच्या भाराची रेघ दिसेनाशी होते. जाडी आणि अपारदर्शकता या दोन्हींच्या चौकटींत एकदम टिक केली, तर ०.३ भाराच्या रेघेची जाडी ०.३ पट आणि गडदपणाही ०.३ पट. कागदावर शाई उमटते ०.०९ पट. मधले भार गळून पडतात आणि चित्रात चार-पाच रेघाच उरतात. एका वेळी एकाच चौकटीत टिक करावी.

ग्राफव्हिझमध्ये (लिहिलेल्या आज्ञांवरून आकृती काढणारं सॉफ्टवेअर) मी पेनविड्थला, म्हणजे रेघेच्या जाडीला, ०.५ + २.५ × केवलमूल्य हे सूत्र देतो. ०.१ ला ०.७५, ०.२ ला १.०, ०.८ ला २.५. कुठलीच रेघ हरवत नाही. पण आता ०.२ ची रेघ ०.१ च्या दुप्पट जाड नाही, म्हणून ‘प्रमाणात’ चुकीचं ठरतं. तिथे ‘भारानुसार’ लिहायचं. एवढ्याशा प्रत्ययाने वाचकाला कळतं की पट्टी लावून भार मोजायचा नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे एनएन-एसव्हीजीतले भार तुमच्या नेटवर्कचे नसतातच. ते उणे १ ते १ मधले यादृच्छिक आकडे असतात. आकृतीखाली नुसतं ‘जोडरेघांची जाडी भाराच्या प्रमाणात’ लिहिलं, तर शिकवून तयार झालेल्या नेटवर्कचे भार दाखवले आहेत असा समज होईल. ‘भार यादृच्छिक, केवळ रचना दाखवण्यासाठी’ असं लिहा. खरे भार दाखवायचे असतील तर ग्राफव्हिझ किंवा टिकझेडमध्ये (लेटेकमधलं आकृत्यांचं पॅकेज) आकडे स्वतः भरावे लागतील.

रेखाटणी:
‘नकारात्मक काठ’ऐवजी ‘ऋण भाराच्या जोडरेघेचा रंग’. गणितात ऋण आणि धन, नकारात्मक मत असतं. कोणता रंग ऋण, हे प्रत्येक आकृतीखाली लिहा. टेन्सरफ्लो प्लेग्राउंडमध्ये (लहान नेटवर्क शिकवून पाहायचं संकेतस्थळ) निळा म्हणजे धन आणि नारिंगी म्हणजे ऋण, तर एनएन-एसव्हीजीत निळा ऋण आणि लाल धन. प्रात्यक्षिकात दोन्ही वापरली तर निळ्याचा अर्थ पान उलटताच बदलतो.

आणि झेरॉक्सचं म्हणाल तर रंगांवर भिस्त ठेवूच नका. करड्या छटेच्या नेहमीच्या सूत्राने शुद्ध लाल २५५ पैकी ७६ वर येतो आणि शुद्ध निळा २९ वर. दोन्ही काळपट. बारीक रेघेत तो फरक डोळ्याला कळत नाही. धन भाराला सलग रेघ आणि ऋण भाराला तुटक रेघ ठेवा, ती दहाव्या झेरॉक्सलाही टिकते. एनएन-एसव्हीजीत तुटक रेघेची सोय नाही. इंकस्केपमध्ये ‘सारख्या रंगाच्या रेघा निवडा’ वापरून जमेल असं वाटतं, पण रंग भारानुसार उतरता असेल तर प्रत्येक रेघेचा रंग वेगळा असतो, मग त्या आज्ञेने एखादीच रेघ हाती लागते. ४, ३, २ थरांचं लहान नेटवर्क घ्या, १८ जोडरेघा होतील, आणि त्या ग्राफव्हिझमध्ये हाताने लिहा. ऋण असेल तिथे स्टाइल डॅश्ड.

कोथरूडकर:
फार मोलाची माहिती, मनापासून आभार. बेझिएचं राहिलं. आणि जाडी किती ठेवावी? पडद्यावर ०.५ छान दिसते, पण छापील नमुन्यात रेघा जवळपास गायब आहेत.

नारायणपेठी:
‘वक्र’ चूक नाही, पण पर्यायाच्या नावात ‘वळणाच्या जोडरेघा’ जास्त सहज वाटेल, कारण विद्यार्थी सरळ की वळणाच्या एवढंच निवडणार आहे. ‘वळणदार’ नको. वळणदार अक्षर म्हणजे सुबक अक्षर, त्यात कौतुक येतं. बेझिए हे नाव मजकुरात एकदा द्या. पिएर बेझिए हे रेनो कंपनीतले अभियंते होते. थरांत आठ-दहापेक्षा जास्त वर्तुळं असतील तर सरळच रेघा ठेवा. वळणाच्या रेघा वर्तुळापाशी जवळजवळ आडव्या निघतात आणि तिथे एकमेकींत मिसळून जातात.

रेखाटणी:
गायब होण्याचं कारण आकार लहान करण्यात आहे. १२०० पिक्सेल रुंद आकृती ९६ डीपीआयने (इंचाला ९६ पिक्सेल) साधारण ३१७ मिलिमीटर भरते. पुस्तिकेच्या स्तंभात ती ८० मिलिमीटर केली की सगळं पाव पट होतं. ०.५ पिक्सेलची रेघ ०.०३३ मिलिमीटरवर, म्हणजे ०.१ पॉइंटच्याही (छपाईतलं जाडीचं माप) खाली जाते. छपाईत ०.२५ पॉइंटच्या खाली जाऊ नये. उलट हिशोब केला तर मूळ आकृतीत निदान १.३ पिक्सेल हवेत, झेरॉक्स धरून २ ठेवा. इंकस्केपमध्ये आकार बदलताना रेघेची जाडीही त्याच पटीत बदलायची का, याचं वरच्या पट्टीत बटण आहे. ते बंद ठेवून आकृती लहान केली तर जाडी तीच राहते, पण मग वर्तुळांच्या कडाही तेवढ्याच जाड राहून एकमेकींना चिकटतात. त्यापेक्षा जाडी आधीच वाढवून सगळं एकत्र लहान करावं.

आणि छपाईवाल्याला ईपीएस स्वरूपातली फाइल देऊ नका. त्यात पारदर्शकता मावत नाही, ०.३ च्या जोडरेघा एक तर ठार काळ्या होतात किंवा पूर्ण आकृतीचं पिक्सेलचं चित्र बनतं. पीडीएफ द्या, १.४ किंवा त्यापुढच्या आवृत्तीची.