मेक्सिकोतला मृतांचा सण, छोट्या गटाची खाद्यसहल: उद्यापर्यंत ठरवायचंय, मदत हवी आहे

मुक्ता_के
दिया दे मुएर्तोसला जायचं नक्की झालंय. आम्ही सहा जण. बाजार, स्वयंपाकाचा वर्ग आणि रात्रीची दफनभूमी, हे तीन हवेतच. एका आयोजकाकडे बारा जणांचा गट आहे, त्यात आमच्या सहा जागा धरल्यात. उद्या संध्याकाळपर्यंत अ‍ॅडव्हान्स नाही भरला तर जागा जातील. पत्रकात तीन तासांची 'मोले नेग्रो कार्यशाळा' (मोले नेग्रो म्हणजे सुक्या मिरच्यांचा काळा, दाट रस्सा) आणि ३१ तारखेच्या रात्री 'पारंपरिक दफनभूमी भेट' आहे. पैसे भरू का? की आपलं आपण जमवावं? लवकर सांगा, आणि 'जुने धागे चाळा' असं कृपया कोणी लिहू नका.

रानवाटा
कोणतं शहर? कुठून निघणार? पासपोर्ट कुठला, अमेरिकेचा किंवा शेंगेनचा व्हिसा आहे का? शाकाहारी किती? मुलं, ज्येष्ठ? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सल्ला कशाच्या जोरावर द्यायचा?

मुक्ता_के
वाहाका, अजून कुठलं! ३० ऑक्टोबरला पोचतोय, ३ नोव्हेंबरला परत. दोघे शाकाहारी. व्हिसाचं आम्ही बघू.

सुगरण_सातारा
तीन तासांत मोले नेग्रो होत नाही. चिलवाक्ले, मुलातो, पासिया या सुक्या मिरच्यांचे देठ, बिया, शिरा काढायच्या. मग त्या चरबीत किंवा तेलात एकेक करून काळपट होईपर्यंत तळायच्या आणि गरम पाण्यात भिजवायच्या. बिया आणि एक तोर्तिया (मक्याची पोळी) मात्र पार कोळसा होईपर्यंत जाळतात, आणि हे उघड्या अंगणातच करावं लागतं, कारण त्या धुराने घसा धरतो. जळलेल्या बिया पाण्यात भिजवून ते पाणी दोन-तीनदा बदलायचं. इथे घाई केली की सगळं मोले कडू. त्यानंतर तीळ, बदाम, शेंगदाणे, बेदाणे, पिकलेलं राजेळी केळं, पाव हे सगळं वेगवेगळं तळायचं, टोमॅटो भाजायचे, लवंग-मिरी-दालचिनी, अव्होकाडोचं पान, मग वाटण. वाटण पुन्हा तेल सुटेपर्यंत परतायचं, रस्सा घालून मंद आचेवर ठेवायचं आणि शेवटी चॉकलेट. पाच-सहा तास धरा.

तीन तासांच्या वर्गात बहुतेक गिरणीवरची तयार पेस्ट कढईत सोडतात. ती वाईट नसते, तिथल्या कितीतरी घरांत तीच येते, पण तिला कार्यशाळा म्हणून पैसे घेऊ नयेत. आयोजकाला लिहा: मिरच्या आमच्यासमोर तळणार का, बिया कुठे जाळणार, माणशी मेताते (दगडी पाटा) किती? बारा जणांत एकच पाटा असेल तर दहा जण नुसते उभे राहणार. त्यापेक्षा मोले आमारियो किंवा वेर्दे मागा. मक्याच्या पिठाने दाट होणारे हे प्रकार तीन तासांत सुरुवातीपासून नीट जमतात.

पायवाट
वाहाका सोडा. ऑक्टोबरअखेर तिथे पाय ठेवायला जागा नसते. मिचोआकान राज्यातल्या पात्झ्क्वारो सरोवराकाठी जा. तिथल्या मूळनिवासी पुरेपेचा लोकांची रात्रीची जागरणं, कबरींवर झेंडूच्या कमानी, थंड हवा.

रानवाटा
@पायवाट, तिथल्या हानित्सिओ बेटावरही त्या रात्री होड्यांसाठी रांगा लागतात, गर्दीतून सुटका नाहीच. त्सिन्त्सुन्त्सानला जमिनीवरून पोचता येतं, ते त्यातल्या त्यात बरं. सरोवर दोन हजार मीटरच्या वर आहे, रात्री कडाक्याची थंडी. आणि धागाकर्तीला स्वयंपाक शिकायचाय. त्यासाठी वाहाकाच. इथे तिकिटं काढून झाल्यावर शहर बदलायला सांगणं बरं नाही.

पायवाट
तिकिटं काढलीत असं त्या कुठे म्हणाल्या? आणि कोरुंदा, उचेपो हे मक्याचे प्रकार तुम्ही खाल्ले नसतील म्हणून असं बोलता.

कॅमेरावाला
३५ मिमीची एफ/१.८ लेन्स घ्या. ट्रायपॉड अजिबात नको, आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त जा, मेणबत्तीच्या उजेडात व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, सगळं पिवळटपण निघून जातं.

सुगरण_सातारा
@कॅमेरावाला, लेन्स कोणी विचारली नाही, पण विषय काढलात तर हेही लिहा: फ्लॅश नाही, कबरीवर पाय नाही, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय फोटो नाही. तिथे लोक आपल्या माणसांजवळ बसलेले असतात. रिकाम्या हाताने जाऊ नका, मेणबत्त्या आणि फुलं न्या.

@मुक्ता_के, शाकाहाराचं गांभीर्याने घ्या. 'सिन कार्ने' (मांस नको) म्हटलं की फक्त मांसाचे तुकडे निघतात. घेवड्याच्या उसळीत, तामालेच्या (पानात वाफवलेल्या मक्याच्या पदार्थाच्या) पिठात डुकराची चरबी राहते, भात कोंबडीच्या रश्श्यात शिजतो, त्लायुदा आणि मेमेला या मक्याच्या भाकऱ्यांवर असिएंतो, म्हणजे चरबीचा तळाचा गाळ, आधी फासतात आणि वर चीज येतं, त्यामुळे दिसतही नाही. 'सिन मान्तेका, सिन असिएंतो, सिन काल्दो दे पोयो' (चरबी नको, असिएंतो नको, कोंबडीचा रस्सा नको) हे कागदावर लिहून ठेवा. सणाचा पाव पान दे येमा, त्यात अंड्याचा बलक. मेस्काल या दारूबरोबर येणाऱ्या लाल मिठात अळी वाटलेली असते. निर्धास्तपणे चालेल ते तेहाते हे पेय: मका (याला चुना नाही, राख लावून शिजवतात), कोको, मामे फळाच्या बिया, 'कोकोची फुलं' म्हणतात ती (पण कोकोच्या झाडाची नसलेली) फुलं, हाताने घुसळून वर फेस. पाणी शुद्ध आहे का तेवढं विचारा. निकुआतोले ही मक्याची वडीही बहुधा चालेल.

गवतफूल
अवांतर: झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. दसऱ्याला आपण दारावर बांधतो तोच तिथे कमानीवर उसाबरोबर बांधतात, सोबतीला लाल कोंबड्याची फुलं. यंदा दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, परत आलात की लगेच तोरणं.

रानवाटा
@गवतफूल, छान, पण धागा भरकटतोय.

मुक्ता_के, 'पारंपरिक भेट' म्हणजे कोणती दफनभूमी? ३१ च्या रात्री गाड्या शोशोकोत्लानला किंवा आत्सोम्पाला नेतात. मोठा गट असेल तर नऊ-दहाला उतरवून तासाभरात परत. सोबत त्या गावचं कोणी असणार का, हे विचारा. त्या रात्री मिरवणुकांनी रस्ते बंद होतात, टॅक्सी मिळत नाही. मुक्काम जुन्या शहरात, चालत पोचता येईल असा ठेवा आणि चालकाशी परतीची जागा आधीच ठरवा. कबरींच्या गर्दीत फोनवर एकमेकांना शोधणं अवघड जातं.

२०२६ मध्ये १ नोव्हेंबर रविवारी येतो, आणि रविवार हा त्लाकोलुलाच्या आठवडी बाजाराचा दिवस. सकाळी लवकर तिथे जा, परतताना तेओतित्लान देल वायेला विणकरांकडे. रात्री सान आगुस्तीन एत्ला गावची मुएर्तेआदा मिरवणूक: आरसे-घुंगरांचे पोशाख, ब्रास बँड, पहाटेपर्यंत नाच. ३० ला शुक्रवारी ओकोत्लानचा बाजार, नाहीतर शहरातल्या सेंत्राल दे आबास्तोस बाजारात फुलांचे ढीग. सहा जणांना एक व्हॅन आणि स्थानिक चालक पुरतो. बाराच्या गटात कशाला शिरायचं?

हडसनकाठ
व्हिसाचं 'बघू' म्हणून चालणार नाही. कोण कुठून निघतंय?

मुक्ता_के
तिघे पुण्याहून, तिघे डॅलसहून. डॅलसवाल्यांचं एच-१बीचं (अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसाचं) पासपोर्टवरचं स्टॅम्पिंग संपलंय, पण आय-७९७ हे मंजुरीचं पत्र आहे ना.

हडसनकाठ
हे आधी सांगायचं! आय-७९७ म्हणजे व्हिसा नव्हे. मेक्सिकोत सूट मिळते ती अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनच्या चालू व्हिसावर, नाहीतर ग्रीन कार्डवर. स्टॅम्प संपला असेल तर त्या तिघांना मेक्सिकोच्या वकिलातीतून व्हिसा काढावाच लागेल. अमेरिकेत परत येताना तीस दिवसांच्या आत असाल आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) चालू असेल तर ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन, म्हणजे संपलेल्या स्टॅम्पवरच परत येण्याची सोय, लागू होतं; आय-९४ची छापील प्रत जवळ ठेवा. मात्र त्या सहलीत अमेरिकेच्या व्हिसाला अर्ज करायचा नाही, केला की ही सोय जाते. पुण्याच्या तिघांचं विमान अमेरिकेतून बदलत असेल तर ट्रान्झिटलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. मेक्सिकोच्या व्हिसाची अपॉइंटमेंट हातात येईपर्यंत अ‍ॅडव्हान्स भरू नका.

मुक्ता_के
बाप रे. आयोजकाचं उत्तर आलंय: पेस्ट तयार असते, दफनभूमी शोशोकोत्लान, रात्री दहा ते अकरा. म्हणजे अ‍ॅडव्हान्स भरत नाही. आमच्यात आत्याबाई आहेत, वय ७१, गुडघे दुखतात. व्हॅन घेतली तरी मुएर्तेआदा जमेल का?

रानवाटा
ज्येष्ठांचं पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं. मुएर्तेआदा त्यांच्यासाठी नको: चढउताराचे रस्ते, धक्काबुक्की, बसायला जागा नाही. १ ला संध्याकाळी त्यांना पांतेओन हेनेराल या दफनभूमीत न्या, ती शहरातच आहे आणि टॅक्सीने थोडंच अंतर. घडीचं स्टूल आणि शाल घ्या, रात्री पारा बारा-तेरापर्यंत उतरतो. बाकीचे एत्लाला जाऊ शकतात, पण एक जण आत्याबाईंबरोबर मागे राहणार हे आत्ताच ठरवा.

सुगरण_सातारा
आणि मोलेची पेस्ट आणणार असाल तर चेक-इनच्या सामानात, दोन पिशव्यांत गुंडाळून. हातातल्या बॅगेत ती शंभर मिलिच्या नियमात अडकते.