पाचवी मोबाईलवर, दहावी बाकावर : आमच्या बॅचचे अनुभव (सोलापूर)

मार्च 2026 मध्ये भूगोलाचा पेपर दिला आणि आमची बॅच शाळेतून बाहेर पडली. आमच्या शाळेत हायस्कूल पाचवीपासून, आणि आमची पाचवी आली 2020-21 ला. नवी शाळा पाहायच्या आधीच तिचे तास मोबाईलवर सुरू झाले. मधे काही दिवस शाळा उघडली, पुन्हा बंद झाली, आणि परीक्षा न देताच आम्ही सहावीत गेलो. म्हणून शाळेचा पहिला दिवस प्रत्येकाचा वेगळा आहे, पण एकमेकांना धरून राहायची सवय मात्र सगळ्यांना लागली. मला तरी आमच्या बॅचची हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. टक्के निकालात दिसतीलच. इथे बाकीचं लिहा. नाव नको, कुठून येत होता तेवढं सांगा.

पूर्व भाग, अशोक चौकाच्या मागे

घरात एक मोबाईल, तो पप्पांकडे, आणि पप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात. शिफ्ट संपवून ते आले की मी दिवसभराचा अभ्यास रात्री वहीत उतरवायचे. आई विड्या वळते, दिवसाला हजार. तिच्या सुपाशेजारी बसूनच माझी पाचवी झाली.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. वर्गात आल्यावर मराठी वाचताना मी अडखळायचे आणि वाटायचं, ही अडचण माझ्या एकटीचीच. मग कळलं, शेजारच्या बाकावरची घरी कन्नड बोलते आणि मागचीच्या घरी उर्दू. मराठीच्या बाईंनी रोज तासाच्या सुरुवातीला एकीला उभं करून एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावलं. कुणी चुकलं तर बाई तो शब्द स्वतः परत म्हणायच्या आणि वाचन पुढे चालू. वर्गात हसायचं नाही, हा नियम त्यांनी कधी सांगितला नाही, पण सगळ्यांनी पाळला. यंदा निरोप समारंभाचं सूत्रसंचालन मी केलं. आई त्या दिवशी विड्या कारखान्यात देऊन तशीच थेट शाळेत आली होती. मागच्या रांगेत बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही.

शेळगी

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाण्याच्या दिवशी पिंप, हंडे, कळशा भरल्याशिवाय घरातून निघता येत नाही. वर्गशिक्षकांना हे माहीत होतं. उशीर झाला की ते फक्त विचारायचे, "पाणी आलं का?" आणि आत घ्यायचे. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे. बाहेरच्या लोकांना तो किरकोळ वाटत असेल. आम्ही त्या वहीत आपल्याच घरचा हिशोब लिहिला, उजनी धरणापासून आमच्या पिंपापर्यंत.

बाळीवेस

जानेवारीत पूर्वपरीक्षा आणि गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वर यात्रा, एकदमच येतात. इतर गावच्या मुलांना यातली ओढाताण कळणार नाही. 13 तारखेला 68 लिंगांना तैलाभिषेक, 14 ला संमती कट्ट्यावर अक्षता. आमच्या घरातले नंदीध्वजाला खांदा देतात, लहानपणापासून बाराबंदी घालून मी त्यांच्याबरोबर चालतो. यंदा गणिताचं पुस्तक बाजूला ठेवून गेलो, "हर्र बोला हर्र" म्हणालो, अक्षता टाकल्या आणि रात्री परत भूमिती घेऊन बसलो. पाचवीत असताना कोरोनामुळे यात्रा मोजक्या लोकांत झाली होती आणि आम्ही घरातूनच हात जोडले होते. त्यामुळे यंदा जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. पुढे पुण्याला गेलो तरी त्या दिवसांत हुतात्मा एक्सप्रेस पकडून येणार.

सीनाकाठचं गाव, मोहोळ तालुका

मी रोज एसटीनं यायचो. सप्टेंबर 2025 मध्ये वरच्या भागात पाऊस थांबेना, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी धरणांतून पाणी सुटलं आणि सीना गावात शिरली. आमचं घर सखल भागात आहे. रात्री आधी जनावरं सोडली, मग आजीला उचललं, मग आम्ही निघालो. लांबोटीला पाणी आल्यानं पुणे हायवेसुद्धा बंद होता. आम्ही दुसऱ्या गावच्या शाळेत राहिलो. सोयाबीन शेतातच कुजलं.

पाणी ओसरल्यावर घरात गेलो तर गुडघाभर गाळ. दप्तर सापडलं, पण वह्यांचा लगदा झाला होता. पुस्तकं परत मिळतात. सहामाही तोंडावर असताना विज्ञानाच्या आकृत्या आणि गणिताची सोडवलेली उदाहरणं कुठून आणायची? दहावी पुढच्या वर्षी द्यावी, असं मी वडिलांना बोलूनसुद्धा दाखवलं. ते काही बोलले नाहीत. घरात कुणाकडेच तेव्हा बोलायला काही नव्हतं.

एसटी सुरू झाल्यावर शाळेत गेलो. कुणी काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत माझ्या बाकावर वह्या येऊन पडायला लागल्या. विषयवार वाटणी आधीच झालेली होती. बीजगणित एकानं लिहिलेलं, भूमिती दुसऱ्यानं, इतिहास तिघांच्या अक्षरांत. झेरॉक्स का नाही काढली, असं मी विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, "लिहिता लिहिता आमचीपण उजळणी झाली बे." मला माहीत आहे की ते मला बरं वाटावं म्हणून बोलले. त्याच वह्यांवर मी बोर्डाची परीक्षा दिली.

विजापूर रोड

वरचं वाचून लिहायला बसले. भूमिती मी लिहिली होती. झेरॉक्सचं खरं कारण सांगते. पाचवीत आम्हा सगळ्यांकडे मोबाईलवर फोटो यायचे, फळ्याचे, पुस्तकाचे, कुणाच्या तरी वहीचे. ढीगभर फोटो असायचे, पण त्यातून काही कळायचं नाही. हातानं लिहिलेल्या वहीत कुठे थांबायचं ते दिसतं, कुठली पायरी अवघड आहे त्याची खूण करता येते. प्रमेयाच्या बाजूला मी "इथे नेहमी चुकतं, सावकाश" असं लिहिलं होतं. ते तुला उपयोगी पडलं का, ते सांग.

सीनाकाठचं गाव

पडलं. प्रमेयच आलं होतं पेपरात. आता त्या वह्या आमच्या गावात नववीतून दहावीत गेलेल्या दोघा भावंडांकडे दिल्यात, त्यांच्यापण पुरात गेल्या होत्या. इंग्रजीची वही कमी पडतीये. कुणाकडे असेल तर एसटी स्टँडवर आणून द्या, मी शनिवारी सोलापुरात आहे.

पूर्व भाग, अशोक चौकाच्या मागे

माझी आहे. व्याकरण पूर्ण आहे, निबंध थोडे कमी आहेत, ते मी शुक्रवारपर्यंत लिहून देते.